उलटे आटे

मोटारीला बुश नावाचा एक अवयव असतो हे शंभरातल्या नव्वद मोटारवाल्यांना जन्मभर ठाऊक नसतं, आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नाही. इंजिन सगळ्यांना माहीत असतं, कारण ते आवाज करतं. हॉर्न माहीत असतो, कारण तो त्याहून मोठा आवाज करतो. ब्रेकची ओळख तो लागला नाही की एका क्षणात पटते. बुशाचं तसं नाही. गाडीच्या कमानी, म्हणजे ते एकावर एक रचलेले पोलादी पाटे, जिथे चासीला अडकवलेल्या असतात तिथल्या भोकात हा अंगठ्याएवढा गृहस्थ बसवलेला असतो. रस्त्यात खड्डा आला की चाक उडतं, चाकाबरोबर कमान उडते, कमानीबरोबर चासी आणि चासीबरोबर आपण. या उडाउडीच्या वाटेवर बुश बसलेला असतो आणि दोन लोखंडांना एकमेकांवर आपटू देत नाही. दोन भावांच्या मध्ये आई असते ना, तसा. तो आहे तोवर आवाज होत नाही, आणि आवाज होत नाही म्हणून तो आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

नवा बुश बसवणं हे काम आहे. जुना काढणं हे कार्य आहे. लग्नकार्यात असतात तशी त्याला माणसं लागतात, सल्लागार लागतात, चहा लागतो, रुसवेफुगवे होतात आणि मुहूर्त हमखास टळतो. मी आयुष्यात हट्टी प्राणी पुष्कळ पाहिले आहेत. पैकी बैल चुचकारला की उठतो, कारकून साडेपाचला उठतो, जावई अधिक महिना संपला की उठतो. पण पंचवीस वर्षं गंजत पडलेला बुश कशालाही बधत नाही.

हे ज्ञान मला ज्या गाडीमुळे झालं ती आमच्या वाटणीतून उरलेली.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. धानाचा मुलूख. तळी, बांध्या, चिखल आणि पाऊस. आई गेल्यावर दादाने आणि मी वाटणी केली. शेत, घर, आंब्याची झाडं, तांब्यापितळेची भांडी, सगळं एका दुपारी शांतपणे वाटून झालं. तलाठीसुद्धा म्हणाला की अशी वाटणी फारशी पाहायला मिळत नाही. खरं सांगायचं तर भांडायला आधी बोलावं लागतं, आणि आई गेल्यापासून आमचं बोलणं ‘पाऊस कसा आहे’ आणि ‘तब्येत बरी ना’ एवढ्यावर आलं होतं. तो गावात, मी नागपुरात. पूर्वी त्याच्या बातम्या मला आणि माझ्या बातम्या त्याला आई सांगायची. आता बातम्यांची ने-आण बंद झाली होती.

तर सगळं वाटून झालं आणि कोठ्यात उभी असलेली बाबांची जीप उरली. जीप म्हणजे पुढून जीप. मागची हूड-आसनं काढून बाबांनी लाकडी डाला बसवून घेतला होता, त्यामुळे मागून ती पिकअप होती. १९६६ सालची महिंद्राची जोडणी. बाबांनी १९७४ साली जुनीच विकत घेतली. तिने धानाची पोती वाहिली, बाळंतिणी दवाखान्यात पोचवल्या, नवरदेव मिरवले. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया सुरू झाल्या की झाडीपट्टीच्या नाटकमंडळींचे पडदे आणि पेट्या वडशाहून आणल्या. एकदा ऐन थंडीत राजा, प्रधान आणि खलनायक असे तिघे जण तोंडाला रंग लावलेल्या अवस्थेत डाल्यात बसून आले होते. आमच्या गावातल्या गाईंनी त्या दिवशी दूध कमी दिलं असं म्हणतात.

१९९८ च्या दिवाळीनंतर ती कोठ्यात उभी राहिली ती राहिलीच. तेव्हा आमचं गाव भंडारा जिल्ह्यात होतं. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. म्हणजे आमची गाडी जागची तसूभर न हलता एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेली. तिचा तो शेवटचा प्रवास.

‘भंगारवाल्याला देऊन टाकू,’ दादा म्हणाला. ‘किलोवर घेतो. निम्मे तुझे, निम्मे माझे.’

मी म्हटलं, ‘दादा, ही आता साधी गाडी नाही. जुलै २०२१ मध्ये सरकारने नियम काढलाय. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळच्या रूपात राखलेली गाडी व्हिंटेज. तिला ‘व्हीए’ अशा अक्षरांची वेगळी पाटी मिळते.’

‘फुकट?’

‘नाही, वीस हजार रुपये फी आहे.’

‘मग काय करायचं तिचं?’

‘रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शनाला न्यायची, जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला न्यायची, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची.’

दादाने थोडा विचार केला. ‘म्हणजे वीस हजार भरायचे, मग पेट्रोल भरायला जायचं आणि पेट्रोल भरून घरी यायचं.’

या माणसाशी वाद घालता येत नाही. शेवटी तह झाला तो असा: गावच्या मंडईच्या दिवशी गाडी स्वतःच्या चाकांवर कोठ्याबाहेर आली तर ती राहील, नाही आली तर भंगारवाला त्याच दिवशी सांगून ठेवलेला. ‘इंजिन चालू होऊन’ असं कलम तहात नव्हतं याची मी नोंद घेतली आणि दसऱ्याच्या सुमारास रजा काढून गावी दाखल झालो.

या गाडीच्या घराण्यालाही वाटणी नवी नाही, बरं का. कंपनी १९४५ साली मुंबईत निघाली तेव्हा तिचं नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होतं. भागीदार गुलाम मोहम्मद. देशाची फाळणी झाली, ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर-जनरलही. १९४८ साली कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. एवढी मोठी वाटणी झाली, पण ‘एम अँड एम’ ही अक्षरं जागची हलली नाहीत. याच कंपनीने १९४७ पासून अमेरिकेतल्या विलीजच्या जीपचे सुटे भाग आणून त्या इथे जोडायला सुरुवात केली, आणि त्या कुळातली एक आमच्या कोठ्यात चारही कमानींवर बसून डुलक्या काढत होती.

मिस्त्री अर्जुनीहून मोटारसायकलवर आला. वय चोवीस-पंचवीस. कानात काहीतरी खुपसलेलं, खिशात मोबाइल. त्याने आडवं पडून गाडीच्या पोटाखाली बॅटरी मारली आणि तिथूनच निकाल दिला, ‘काकाजी, इंजिनचं मंग पाहू. आधी कमानी. बुश सारे गेलेत जी.’

‘किती आहेत?’

‘बारा.’

बारा म्हटल्यावर मला बारा ज्योतिर्लिंगं आठवली, बारा बलुतेदार आठवले आणि ‘बारा वाजणे’ हा वाक्प्रचारही आठवला. त्या बारांचीही एक जात नव्हती. पुढच्या दोन कमानींना जीपची मूळची मांडणी होती. इंग्रजी ‘यू’च्या आकाराची एक कडी असते, तिला शॅकल म्हणतात. तिच्या दोन दांड्यांना आटे पाडलेले असतात आणि त्यांवर आटे असलेले पोलादी बुश फिरवून बसवतात. हे असे चार. कमानींच्या दुसऱ्या टोकांना साध्या बोल्टावरचे दोन. मागच्या कमानी मात्र केव्हातरी कुणीतरी बदलल्या होत्या आणि त्यांच्यात रबरी बुश होते. आतून एक पोलादी नळी, बाहेरून एक पोलादी नळी, मध्ये रबर. मिस्त्री लोक त्यांना ‘सायलेंट ब्लॉक’ म्हणतात. हे सहा. मिळून बारा.

आता हे अडकतात कसे ते ऐका. शाळेत आपण शिकलो की लोखंडाला पाणी आणि हवा लागली की गंज चढतो. पण हे कुणी सांगितलं नाही की गंजाला मूळच्या लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते. आधी एकटे आलेले पाहुणे आठवड्याभराने कुटुंबाला बोलावून घेतात, तसं. बोल्ट नळीत मोकळा बसलेला असतो; तो गंजतो, फुगतो आणि नळी भरून टाकतो. नळीही तिकडून फुगत येते. मग बोल्ट कुठला, नळी कुठली आणि गंज कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. वर्षाला हजार मिलिमीटरच्या पुढे पडणारा पाऊस आणि शेजारी बांधलेल्या म्हशी यांनी मिळून आमच्या गाडीचं हे एकत्र कुटुंब पंचवीस वर्षांत अभेद्य करून ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी गाव जमलं. आमच्याकडे गाडीखाली माणूस दिसला की ओसरीवर दहा माणसं दिसतात. एकजण म्हणाला, रॉकेल ओता. दुसरा म्हणाला, रेशनवरचं रॉकेल आता मिळते कुठं, डिझेल ओता. तिसऱ्याने कुठल्याशा थंड पेयाचं नाव घेतलं. ते लोखंड खातं असं त्याच्या पुतण्याने पाहिलं होतं, तरी पुतण्याला ते पिऊ देतात. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, लोखंड तापवल्यावर प्रसरण पावतं, हे आम्ही सातवीत शिकवत होतो. सल्ले संपेपर्यंत संध्याकाळ झाली. डिझेल ओतलं आणि सगळे घरी गेले. वहिनीने चहाचे कप मोजले. एकतीस.

‘भाऊजी,’ ती म्हणाली, ‘पंचवीस वर्षं मी म्हणते आहे, ती गाडी हलवा, तिच्यामुळे शेण ओढता येत नाही. तेव्हा कुणी आलं नाही.’

दादा ओसरीवर खुर्ची टाकून पेपर वाचत होता. तो सकाळी पेपर उघडायचा आणि दुपारपर्यंत पहिल्याच पानावर असायचा. गाडीकडे त्याचं अजिबात लक्ष नव्हतं. एवढं लक्ष नसलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

आट्यांच्या चार बुशांपैकी तीन दुसऱ्या दिवशी निघाले. निघाले म्हणजे मिस्त्री पान्याला तीन हात लांब पाइप घालून लोंबकळला, मी मिस्त्रीला धरून लोंबकळलो, आणि ‘कर्रर्र’ असा आवाज झाला, जो ऐकून म्हशी उभ्या राहिल्या. चौथा, डाव्या बाजूचा खालचा, मात्र हूं की चूं करीना. दोन दिवस त्याच्यावर गेले. पाइप वाकला. पाना घसरून मिस्त्रीच्या बोटाची साल निघाली. गुरुजींच्या प्रसरणाचाही प्रयोग झाला. बुश जिथल्या तिथे. उलट जितका जोर लावावा तितका तो अधिकच घट्ट बसतोय असं वाटायचं.

चौथ्या दिवशी मिस्त्री घाम पुसत म्हणाला, ‘काकाजी, आता एकच. गॅस कटर आणतो. शॅकल कापून टाकू, कमानीचा डोळा तापवून लाल करू, मंग कसा निंगत नाही पाहू.’

ओसरीवर पेपराची घडी पडल्याचा आवाज आला.

‘कमान लाल केलीस तर तिचं पाणी उतरेल,’ दादा म्हणाला. ‘मग ती कमान राहायची नाही, पट्टी होईल. पोती भरली की वाकेल ती वाकेलच.’

‘मंग करू काय काकाजी? फिरतच नाही ना जी.’

‘उलटा फिरव.’

‘काय?’

‘त्या एकाला उलटे आटे आहेत. डाव्या पुढच्या कमानीचा खालचा. त्या बाजूच्या शॅकलच्या दांड्यावर एक उंचवटा आहे बघ, आणि बुशाच्या डोक्याभोवती खाच आहे. चिखल खरवड, दिसेल.’

मिस्त्रीने छिन्नीने चिखल खरवडला. पंचवीस वर्षांच्या थराखाली उंचवटा होता. बुशाच्या षटकोनी डोक्याभोवती, अंगठीची खूण असावी तशी, गोल खाच होती. अमेरिकेतल्या कुठल्याशा इंजिनिअराने ऐंशी वर्षांपूर्वी खास सांगून ठेवलेली गोष्ट आमच्या म्हशींनी झाकून टाकली होती. मिस्त्रीने पाना उलट्या बाजूला लावला. आधी काही नाही. मग दादा पायरी उतरून आला, त्याने पान्याच्या टोकावर हातोडीचे हलके हलके दहा-बारा ठोके दिले, आणि ‘टक्’ असा लहानसा आवाज झाला. त्यापुढे बुश हाताने फिरला.

मी म्हटलं, ‘दादा, चार दिवस आम्ही जीव काढतोय. आधी का नाही सांगितलंस?’

‘कुणी विचारलं?’ तो म्हणाला.

खरं होतं. अख्ख्या गावाला विचारलं गेलं होतं. ओसरीवर बसलेल्याला तेवढं नाही. आणि कळायचं तर त्यालाच कळणार. बाबांबरोबर या गाडीवर क्लीनर म्हणून तो हिंडला. मी वसतिगृहात राहून परीक्षा देत होतो तेव्हा हा सालेकसा-देवरीच्या रस्त्यांवर गाडीखाली आडवा होऊन ग्रीस भरत होता. दर आठवड्याला भरत होता, असं त्या दिवशी कळलं. ‘बाबा गेले,’ तो म्हणाला, ‘मग ग्रीस भरून दाखवायला कुणी राहिलं नाही.’ एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून तीन वर्षांत ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दादाचा पेपर दुपारी यायला लागला.

मात्र मागच्या रबरी बुशांपाशी दादाचं ज्ञान संपलं आणि पोराचं सुरू झालं. दादाने घन उचलला तसा पोरगा मध्ये आला. ‘घन नका मारू जी. बोल्टाचं तोंड छत्रीसारखं फुगते, मंग तो भोकातून जातच नाही.’ त्याने बोल्टाचं डोकं आणि नट करवतीने कापून कमान खाली घेतली. मधलं रबर ड्रिलने पोखरून काढलं, तसा बोल्ट आतल्या नळीसकट बाहेर आला. दोघांचं लग्न लागलेलं होतं, त्यांना वेगळं करण्यात अर्थ नव्हता. राहिली बाहेरची पातळ नळी, कमानीच्या डोळ्यात रुतलेली. तिला त्याने ज्या युक्तीने काढलं ती पाहून मी थक्क झालो. करवतीचं पातं सोडवलं, डोळ्यातून आरपार घातलं, पुन्हा करवतीला जोडलं आणि नळीला आतून लांबीभर एक चीर पाडली. नळी कापायची, पण कमानीला ओरखडा उठू द्यायचा नाही; न्हाव्याने वस्तरा चालवावा तसा पोरगा हात चालवत होता. मग चिरेत बारीक छिन्नी घालून नळीची कड आत दुमडली. नळी आक्रसली आणि दोन टिचक्यांनी खाली पडली. एवढा आडदांड बुश, पण त्याला ठोकून नव्हे, आतून जरा सैल करून काढायचा असतो.

‘कुठं शिकलास?’ दादाने विचारलं.

‘मोबाइलवर पाह्यलं जी.’

दादाने पहिल्यांदाच त्याच्या कानात खुपसलेल्या वस्तूकडे आदराने पाहिलं.

असे सहा. एकेकाला अर्धा-अर्धा दिवस. मी बॅटरी धरत असे. बॅटरी धरण्यात मी या काळात चांगलाच तयार झालो. कोणत्या क्षणी ती नेमकी पाहिजे तिथून हलवायची हे अनुभवाशिवाय जमत नाही, असं दादा आणि मिस्त्री दोघांचंही मत पडलं.

नवे बुश आणायला मी गोंदियाला गेलो. पहिल्या दुकानदाराने जुना बुश हातात घेऊन, देवळातल्या मूर्तीकडे पाहावं तसं पाहिलं आणि तो परत दिला. रबरी तिथेच एका दुकानात मापाने जुळवून मिळाले. आट्यांचे मात्र नागपूर पालथं घातल्यावर दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारातून मागवावे लागले. मागवताना मी तीन-तीनदा सांगितलं, ‘त्यातला एक उलट्या आट्यांचा.’ पलीकडचा म्हणाला, ‘मालूम है.’ म्हणजे तेवढं जगात सगळ्यांना मालूम होतं.

बसवण्याआधी मिस्त्री म्हणाला, रबरी बुश रात्रभर बर्फाच्या खणात ठेवा, पोलाद थंडीनं जरासं आकसते, केसभरानं का होईना. वहिनीच्या फ्रिजमध्ये मटारच्या पिशवीशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत सहा बुश निजले. सकाळी वहिनीने घाईत पिशवी उचलली, ती हातात जड लागली म्हणून बरं. नाही तर त्या दिवशीच्या पुलावात काय पडलं असतं सांगता येत नाही. बुश ढकलायला मिस्त्रीने घन वापरलाच नाही. एक लांब आट्यांची सळई आरपार घातली, अलीकडे वॉशर, पलीकडे पाइपाचा तुकडा, आणि नट आवळत नेला. बुश मुकाट्याने आत सरकत गेला. दादा ग्रीसचा डबा घेऊन तयारच होता. पोरगा ओरडला, ‘काकाजी, रबराले तेल-ग्रीस नका लावू जी, फुगून खराब होते. साबणाचं पाणी लावा.’ पन्नास वर्षांपूर्वीचा क्लीनर निमूटपणे साबणाची वडी आणायला गेला.

बोल्ट आवळायची वेळ आली तेव्हाही तसंच. गाडी अजून ठोकळ्यांवर होती, चाकं हवेत. दादा म्हणाला, आवळ. पोरगा म्हणाला, आत्ता नाही. हा बुश फिरत नसतो, त्याचं रबर पिळवटतं. गाडी अधांतरी असताना आवळला तर खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि महिन्याभरात फाटतं. आधी गाडीचं वजन चाकांवर येऊ द्यायचं, गाडी आपली आपण बसू द्यायची, मग शेवटचं आवळायचं.

दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, ‘आपण वाटणी जरा घाईत केली.’

मी म्हटलं, ‘हो.’

एवढंच बोलणं झालं. पण पाऊस आणि तब्येत सोडून तिसऱ्या विषयावर झालं.

ठोकळे काढले. गाडी ‘हुश्श’ करून चाकांवर बसली, जराशी डोलली, आणि कुठेही खडखडली नाही. पोराने बारा जागी शेवटचा पाना फिरवला. दादाने पुढच्या आट्यांच्या बुशांत ग्रीस भरलं. तिथे ते चालतं, नव्हे, लागतंच. ते कडेने बाहेर डोकावेपर्यंत भरलं आणि बोटाने पुसून घेतलं.

मंडईच्या दिवशी दुपारी आठ पोरांनी मागून हात लावला. दंडारीच्या तयारीतले दोन गडी, एकाच्या अंगावर अर्धी साडी, तेही धावून आले. स्टिअरिंगवर दादा. इंजिन अजून बंदच होतं. त्याचं पुढच्या वर्षी पाहू. पण तहातल्या कलमाप्रमाणे गाडी स्वतःच्या चाकांवर कोठ्याच्या उंबऱ्यावरून उतरली, उतरताना एकदा दचकली आणि आवाज न करता उन्हात येऊन उभी राहिली. वहिनीने आधी कोठ्यातली रिकामी जागा पाहून समाधानाचा निःश्वास सोडला, मग गाडीला कुंकू लावलं.

आणि ठरल्या वेळी भंगारवाला हातगाडी घेऊन हजर झाला. सांगून ठेवलेला माणूस, त्याला रिकाम्या हाताने कसा पाठवायचा? दादाने मला खूण केली. मी जुन्या बुशांचं पोतं आणलं. कापलेल्या नळ्या, छत्र्या झालेले बोल्ट, सगळं त्यात होतं. भंगारवाल्याने गाडीकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं आणि आमच्याकडे पाहिलं. एवढ्यासाठी सात किलोमीटर आलो का, असं त्याला विचारायचं होतं, पण दादा तोवर भावावरून हुज्जत घालायला लागला होता. पाव तास घासाघीस चालली. मिळालेल्या पैशांचे दादाने काटेकोर दोन भाग केले आणि माझा माझ्या हातावर ठेवला. त्यात दोघांचा मंडईतला चहा-चिवडा निघाला.

तोलताना भंगारवाला मोजत होता. ‘भाऊ, बारा सांगतले होते. अकराच भरतात.’

‘अकराच आहेत,’ दादा म्हणाला.

सकाळी मी निघायच्या आधी ओसरीवर गेलो तर दादाचा पेपर उघडा पडला होता आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर वजन ठेवलं होतं. घासूनपुसून लख्ख केलेलं, षटकोनी डोक्याचं, डोक्याभोवती खाच असलेलं.

‘हा उलट्या आट्यांचा ना?’ मी विचारलं.

‘हो,’ दादा म्हणाला. ‘असू दे इथेच. पुढच्या खेपेला आलास की इंजिन काढायचंय. त्यातही एक भानगड आहे. विचारलंस तर सांगेन.’